ताकायासू धमनीदाह (बालवयातील)

महाधमनी आणि तिच्यातून फुटणाऱ्या मोठ्या शाखांच्या भित्तींना दीर्घकाळ सूज आणणारा विकार. तो बहुधा चाळिशीच्या आत जडतो आणि मुली व तरुण स्त्रियांत अधिक दिसतो. सूज बाहेरच्या थरांत सुरू होऊन आत सरकते. भिंत जाड होते, वाहिनीची पोकळी आक्रसते, क्वचित भिंत कमजोर होऊन फुगा येतो. मूळ कारण अज्ञात असले तरी स्वतःच्या ऊतींवर उलटलेली प्रतिकारशक्ती ही भिंत पोखरते, असे मानले जाते. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची चमत्कारिक गुंफण वर्णिली. अशा रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, याकडे लक्ष वेधले ते ओनिशी आणि कागोशिमा या त्यांच्या समव्यावसायिकांनी.

हरवलेली नाडी हेच मग या रोगाचे ठसठशीत चित्र होऊन बसले, आणि मुलांच्या बाबतीत ते दिशाभूल करते. जपानमध्ये महाधमनीच्या कमानीतून हात व डोक्याकडे जाणाऱ्या शाखा जास्त बाधित होतात. भारतात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या यांवर आघात अधिक. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील शल्यविशारद प्र. कु. सेन, विकृतिशास्त्रज्ञ किणरे आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महाधमनीच्या मधल्या भागाच्या आकुंचनाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते याच संदर्भात मोलाचे आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले की ते रेनिन स्रवते व रक्तदाब चढतो. त्यामुळे मूल दवाखान्यात येते ते डोकेदुखी, झटके किंवा हृदय थकल्याने लागणारी धाप घेऊन. त्याआधीचा बारीक ताप आणि घटलेले वजन कुणाच्या खिजगणतीतही नसते. अशा वेळी निदानाची पहिली किल्ली नाडीपेक्षा रक्तदाबमापकाजवळ असते.

इतक्या दुर्मिळ रोगासाठी प्रत्येक मुलाचा रक्तदाब कशाला मोजायचा, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण त्याच मोजणीत मूत्रपिंडाचे विकार आणि महाधमनीचे जन्मजात आकुंचनही सापडते. दुसरा आक्षेप असा, की ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या सूज दाखवतातच. त्यांवर विसंबता येत नाही, कारण काही रुग्णांत रोग धुमसत असतानाही त्यांचे आकडे सामान्य राहतात आणि वाढले तरी साध्या संसर्गापासून हा रोग वेगळा काढत नाहीत. बालरुग्णांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत प्रतिमाचित्रणातील धमनीदोष अनिवार्य असून जोडीला नाडीतील फरक, अवयवांच्या रक्तदाबांतील १० मिमीहून अधिक तफावत, धमनीवरील मर्मरध्वनी, उच्च रक्तदाब किंवा सूजदर्शक चाचण्या यांपैकी एक पुरते. क्षयरोगाशी संबंध भारतात वारंवार सुचवला गेला. तो कार्यकारणाच्या पातळीवर सिद्ध झालेला नाही, मात्र स्टेरॉइड देण्यापूर्वी दडलेला क्षय शोधणे आवश्यक ठरते.

स्टेरॉइडसोबत मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट किंवा टोसिलिझुमॅबसारखी औषधे देतात. फुग्याने धमनी रुंदावण्याची किंवा वळणवाहिनी जोडण्याची शस्त्रक्रिया शक्यतो सूज शमल्यावर करतात, नाहीतर धमनी पुन्हा अरुंद होण्याची भीती वाढते. उपचारकाळातही रक्तदाब कोणत्या अवयवावर मोजला हे नोंदावे लागते: हाताची धमनी अरुंद असेल तर तिथला आकडा फसवा कमी येतो. दोन्ही हात बाधित असल्यास पट्टा मांडीवर बांधतात. पायांकडे जाणारा मार्गही आक्रसलेला असेल तर खरा दाब धमनीत नळी घालूनच कळतो.