रेषा, पडदे आणि साधारणीकरण : भूमिकाखेळातील प्रौढ आशयाचा इतिहास

हिंसा, कामवासना, वेड, वंशसंहार हे विषय साहित्याला नवे नाहीत. त्यांच्या हाताळणीची मीमांसा मात्र बहुतांशी लेखक, संहिता आणि वाचक हे घटक परस्परांपासून वेगळे आहेत असे गृहीत धरून झालेली आहे. मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेमने, म्हणजेच भूमिकाखेळाने, हे गृहीतकच अडचणीत आणले. या खेळात चारपाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण सूत्रधार होऊन भोवतीचे जग आणि गौण पात्रे उभी करतो. अनिश्चित कृतींचा निकाल फाशांवर लागतो. कथा आधी लिहिलेली नसते, ती बोलता बोलता घडते. एकच व्यक्ती तिची लेखक, नट आणि प्रेक्षक असते. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तात शोकाचे रूपांतर आस्वाद्य करुणात होते, कारण तो शोक ‘माझा’ही राहत नाही आणि ‘परक्याचा’ही राहत नाही. येथे मात्र खेळाडू ‘मी त्याला मारतो’ असे प्रथमपुरुषी वाक्य उच्चारतो. मग साधारणीकरण घडवून आणणारी व्यवस्था कोणती? भूमिकाखेळाचा गेल्या पाच दशकांचा इतिहास हा या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास म्हणून वाचता येतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील टीएसआर या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचा उगम छोट्या सैनिकप्रतिमांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होता, आणि हिंसेकडे पाहण्याची दृष्टीही तेथूनच आली. पात्राचे जीवित म्हणजे काही अंक. तलवारीचा घाव म्हणजे त्या अंकांतून होणारी वजाबाकी. मृत्यू सर्वत्र होता, पण तो हिशेब होता, अनुभव नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या काळात प्रौढ आशयाचा प्रश्न नियमांच्या पातळीवर उद्भवलाच नाही.

तो बाहेरून उपस्थित झाला. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वृत्तपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. पुढे तो संबंध निराधार ठरला. परंतु तोवर रोना जॅफी यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी (१९८१) आणि तिच्यावरील दूरचित्रवाणीपट (१९८२) यांनी भूमिका आणि स्व यांतील सीमा पुसून गेलेल्या तरुणाची प्रतिमा रूढ केली होती. मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग यांनी १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना उभारली. विरोधकांच्या युक्तिवादातील तपशील चुकीचे असले, तरी त्यामागील शंका सौंदर्यशास्त्रीय होती, हे नाकारता येत नाही : प्रेक्षकाला मिळणारे अंतर खेळाडूला मिळते काय? प्रकाशकाने मात्र या शंकेला उत्तर न देता यादी छाटली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्द व मारेकऱ्याचा पात्रवर्ग गेले; थोड्याच काळात तेच दैत्य ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ अशा नव्या नावांनी परतले. शब्द बदलले, वध चालूच राहिला. बाह्य निर्बंधातून आलेले आत्मनियंत्रण आशयाच्या पृष्ठभागापाशीच थांबते, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरी दिशा नियमांतूनच निघाली. केऑसिअमच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या खेळात शरीराबरोबर मनाच्या स्वास्थ्याचीही मोजणी होती. सत्य जितके कळावे तितके ते स्वास्थ्य ढळत जाई. मार्क राइन-हेगन यांच्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ (१९९१) मध्ये खेळाडू स्वतःच राक्षस होता आणि प्रत्येक दुष्कृत्यागणिक त्याची ‘मानवता’ घसरण्याचा धोका होता. ‘रेथ : द ऑब्लिव्हिअन’ (१९९४) याहून पुढे गेला : प्रत्येक पात्राची काळी बाजू दुसऱ्याच खेळाडूच्या मुखातून बोलत असे. येथे आशय आणि रूपबंध यांचे नाते प्रथमच गंभीरपणे जुळले. क्रौर्याचे वर्णन करणे आणि क्रौर्याचा पात्रावरील परिणाम नियमबद्ध करणे यांतील भेद या खेळांनी दाखवून दिला.

याच सुमारास ‘प्रौढांसाठी’ हा शब्द बाजारातील शिक्काही झाला. व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेने अशा पुस्तकांसाठी ‘ब्लॅक डॉग’ ही वेगळी मुद्रा काढली. तिच्याखाली सवंग बीभत्साबरोबरच नाझींनी केलेल्या ज्यूसंहारातील मृतात्म्यांवरचे ‘चार्नेल हाउसेस ऑफ युरोप : द शोआ’ (१९९७) हे गंभीर पुस्तकही आले. एकाच शिक्क्याखाली हे दोन्ही नांदावेत, यावरून त्या शिक्क्याची टीकात्मक निरुपयोगिता स्पष्ट होते. तो वाचकाचे वय सांगतो. आशयाची प्रौढता सांगत नाही.

तिसरे वळण २००० नंतरचे. रॉन एडवर्ड्झ यांनी ‘सेक्स अँड सॉर्सरी’ (२००३) या पुस्तकात ‘रेषा’ आणि ‘पडदे’ असा भेद केला. रेषेपलीकडचा विषय खेळात येतच नाही. पडद्यामागची घटना घडते, पण दाखवली जात नाही. भारतीय नाट्यविचाराला यातील दुसरी कल्पना अपरिचित नाही. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे भरताचे विधान आहे. फरक अधिकाराचा आहे. भरताचा पडदा शास्त्राने ठरवलेला आणि सर्व प्रयोगांना समान. एडवर्ड्झ यांचा पडदा त्या त्या मेजावरील मंडळींनी आपसांत ठरवलेला. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांच्या ‘एक्स-कार्ड’ने (२०१३) हा अधिकार खेळाच्या ऐन मध्यावर प्रत्येकाच्या हाती दिला : कार्डाला स्पर्श केला की प्रसंग वगळायचा, कारण विचारायचे नाही. २०२० पर्यंत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या अधिकृत पुस्तकातही खेळापूर्वी मर्यादा ठरवण्याच्या बैठकीचे मार्गदर्शन आले. ज्या खेळाने १९८९ मध्ये शब्द छाटले होते, त्यानेच संवादाची रीत स्वीकारली.

ही रीत म्हणजे आशयाचे दुबळेपण, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘ग्रे रँक्स’ (२००७) १९४४ च्या वॉर्सा उठावातील किशोरवयीन मुलांचा खेळ आहे. उठावाचा शेवट पराभवात होणार हे खेळाडूंना आरंभापासून ठाऊक असते. उरतो तो प्रश्न, त्या मुलांचे काय होणार. प्रेम आणि द्वेष, उत्साह आणि थकवा यांच्या चौकटीवर पात्र सरकत राहते. इतका दाहक आशय मंडळींना पेलतो, तो परस्परविश्वासाची पूर्वतयारी झालेली असते म्हणून. अभिनवगुप्ताच्या सहृदयाला काव्यानुशीलनाने जी पात्रता येते, तिचेच हे सामूहिक रूप म्हणता येईल.

तरीही एक प्रश्न सुटत नाही. मेजावरील संमती ही उपस्थितांची संमती असते. ज्यांचे दुःख खेळाचा विषय झाले, ते तेथे नसतात. २०१८ मध्ये ‘व्हॅम्पायर’च्या पाचव्या आवृत्तीच्या एका पुस्तकाने चेचन्यातील समलिंगी पुरुषांच्या प्रत्यक्ष छळाला रक्तपिपासूंच्या कारस्थानाचा बुरखा ठरवले. जिवंत माणसांची यातना कल्पितकथेचे साहित्य झाली. टीकेनंतर मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली आणि तो मजकूर मागे घेतला. त्या पानांचा दोष कोणतेही कार्ड दूर करू शकले नसते, कारण तो खेळाडूंमधील नात्यात नव्हता. कल्पित आणि इतिहास यांच्या नात्यात होता. ‘शोआ’वरील पुस्तक आणि ‘ग्रे रँक्स’ यांत अत्याचाराचे कर्ते माणसेच राहतात, अतिमानुषाच्या आड दडत नाहीत. खेळाडूंनी आपसांत ठरवलेल्या मर्यादा आस्वादाची अट पूर्ण करतात. अनुपस्थितांविषयीचे उत्तरदायित्व मात्र रूपबंधालाच पेलावे लागते. भूमिकाखेळाच्या समीक्षेला या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देता येणार नाहीत.