दीड इंचाचं कोडं

गेल्या महिन्यात आमच्याकडे दीड इंचावरून रामायण झालं.

आमचा फ्लॅट आम्ही ज्यांच्याकडून घेतला ते अमेरिकेतून परतलेले. येताना त्यांनी तिकडचा बाथटबही आणला होता. आमच्यासारख्या बादली-तांब्यावर वाढलेल्या माणसांना टब कशाला, असं मीच तेव्हा म्हटलं होतं. पण ह्यांचे गुडघे दुखायला लागले आणि संध्याकाळी कोमट पाण्यात बसण्याचा तो अर्धा तास ह्यांच्या दिवसातला एकमेव बिनदुखण्याचा वेळ ठरला. तोच टब गळायला लागला. खालच्या वहिनींच्या छताला ओल आली. त्या काही बोलल्या नाहीत, पण जिन्यात भेटल्या की नजर चुकवू लागल्या.

प्लंबर आला. टबाच्या बाजूची फरशी उघडली. टबाखालच्या पितळी तोंडावरचं नट चिरलं होतं. त्याने बाजारातून दीड इंची नट आणलं. दोन फेरे छान बसलं आणि अडकलं. त्याने पाना लावून जोर केला. रात्री वहिनींच्या छतातून थेंब पडायला लागले. "आजी, टबच बदला," तो म्हणाला. फोडाफोडी, नवा टब, वॉटरप्रूफिंग मिळून साठ हजारांचा अंदाज. "राहू दे, काढून टाक तो टब," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. तेवढ्यावरून मला कळलं की राहू द्यायचं नाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. दीड इंचाच्या तोंडावर दीड इंचाचं नट का बसू नये, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. शोधलं तेव्हा कळलं की ह्याचं उत्तर इतिहासातच आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा स्क्रू दुसऱ्याला चालत नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतले नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एक माप सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. रेल्वेवाल्यांनी ते उचललं आणि हळूहळू सगळ्या देशाने. १९०५ मध्ये पाइपांच्या आट्यांचंही ब्रिटिश मानक ठरलं, त्याच ५५ अंशांचं.

अमेरिकेने आपली वेगळी चूल मांडली. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचवला. तो काढायला सोपा होता. १८८६ मध्ये तिकडच्या पाइपांचं माप ठरलं, तेही ६० अंशांचंच.

आपल्याकडे रेल्वे इंग्रजांची आणि नळही इंग्रजांचे. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं, तेव्हापासूनची ही सोयरीक. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक मापं स्वीकारली. मी शाळेत असताना शेर जाऊन किलो आले. पण नळाचे आटे इंग्रजीच राहिले, भारतीय मानकानेही तेच ठेवले. म्हणून तर माझ्या माहेरच्या वाड्यातल्या जुन्या नळाच्या पाइपाला आजही कोपऱ्यावरच्या दुकानातली तोटी बसते.

ह्यात एक गंमत आहे. 'अर्धा इंची' नळाच्या आट्यांवरून माप घेतलं तर ते जवळजवळ २१ मिलिमीटर भरतं. अर्धा इंच म्हणजे १२.७. ते माप खरं तर जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं होतं. पाइप बदलले, नाव राहिलं. अर्ध्या इंचात इंग्रजी आणि अमेरिकन, दोन्हींचे इंचामागे १४ आटे, म्हणून टेप गुंडाळून कसंबसं जमतं. दीड इंचात मात्र इंग्रजी ११ आणि अमेरिकन साडेअकरा! दोन फेरे जमल्यासारखं वाटतं आणि मग अडतं. आमचा प्लंबर बिचारा तिथेच फसला.

अशा न जुळण्याची किंमत कधी फार मोठी असते. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पण अनेकांच्या पाण्याच्या नळ्या तिथल्या तोट्यांना बसेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. माणसं होती, पाणी होतं, आटे जुळत नव्हते.

मी जुनं नट आणि फुटपट्टी घेऊन एका लेथवाल्याकडे गेले. भिंग लावून आटे मोजून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, हे आधी मोजतं कोण?" त्याने पितळेचा एक जोड काढून दिला, एका तोंडाला साडेअकरा आटे, दुसऱ्याला अकरा. दोन देशांचं भांडण बोटभर पितळेत मिटलं.

हिशेबाच्या वहीतलं पान असं: पितळ ४५०, लेथची मजुरी ९००, रबरी गॅस्केट आणि बूच ३००, प्लंबर १,०००. एकूण २,६५० रुपये. वहिनींच्या छताच्या रंगाचे ४,००० वेगळे, तो मोजण्याआधी जोर केल्याचा दंड. पेन्शनीत दोन्ही बसलं.

तेव्हा मंडळी, घरातला कुठलाही भाग बदलायचा असेल तर जुना तुकडा बरोबर न्या आणि पैशांआधी आटे मोजा. लहानपणी एखाद्याला आपण सहज म्हणत असू, "ह्याचे आटे सैल आहेत." आता वाटतं, सैल असलेले घट्ट करता येतात. वेगळे असतील तर मात्र जोर करून उपयोग नाही, मधे जोड शोधावा लागतो.

काल वहिनी जिन्यात थांबून बोलल्या. हे संध्याकाळी टबात बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी आतून शीळ ऐकू आली. असो.