उवा परत का येतात?

जूनच्या मध्यावर मराठवाड्यातील शाळा उघडतात आणि पुढच्या काही आठवड्यांतच घरोघरी मुलींच्या डोक्यातील उवांची तक्रार ऐकू येऊ लागते. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील बोरी हे गाव असो किंवा पुण्यातील कोथरूड, तक्रारीचा सूर एकच असतो. औषध लावले, उवा गेल्या, पंधरवड्यात पुन्हा आल्या. मग औषध बदलले जाते, शाम्पू बदलला जातो आणि शेवटी मुलीचे केस कापले जातात. शहरी वाचकाला हा खेड्यातील किंवा गरिबाघरचा प्रश्न वाटण्याची शक्यता आहे. तसा तो नाही. उवेला घराचे उत्पन्न कळत नाही. तिला माणसाचे डोके आणि त्याला टेकलेले दुसरे डोके एवढेच पुरते.

‘परत आल्या’ या शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे त्या गेल्याच नव्हत्या. मोठ्या उवा मेल्या, पण अंडी राहिली आणि ती फुटली. दुसरी म्हणजे त्या खरोखरच गेल्या होत्या, पण शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडून किंवा घरातील बहिणीकडून नव्याने आल्या. दोन्हींचा उपाय निराळा असल्यामुळे आधी यांपैकी काय घडले हे ओळखणे आवश्यक ठरते. साधारण ठोकताळा असा, की उपचारानंतर आठ-दहा दिवसांत अगदी बारीक, तिळाहूनही लहान उवा दिसल्या तर ती जुन्या अंड्यांतून निघालेली पिढी समजावी. डोके पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी एकदम मोठ्या उवा सापडल्या, तर त्या बाहेरून आल्या आहेत.

हा हिशेब समजण्यासाठी उवेचे दिनमान माहीत हवे. डोक्यातील पूर्ण वाढलेली ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांबीची असते. मादी साधारण महिनाभर जगते आणि दिवसाला आठ-दहापर्यंत अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा. त्या केसाच्या मुळाशी, टाळूपासून सुमारे सहा मिलिमीटरच्या आत, सिमेंटसारख्या चिकट द्रव्याने घट्ट चिकटवलेल्या असतात. तेथील ऊब त्यांना आवश्यक असते. अंडी सात ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर पडलेले पिल्लू आणखी नऊ ते बारा दिवसांत वयात येते आणि अंडी घालू लागते. सर्व गणित या दोन आकड्यांवर उभे आहे. आज औषध लावून सगळ्या जिवंत उवा मारल्या, तरी अंडी बहुधा वाचतात. त्यांतील शेवटचे अंडे फुटल्यावर आणि पहिले पिल्लू वयात येण्यापूर्वी दुसरा हात फिरला पाहिजे. म्हणून दुसऱ्या उपचाराचा दिवस साधारण नववा धरतात. बहुतेक घरांत नेमका हाच दिवस चुकतो, कारण तोवर खाज कमी झालेली असते आणि बाटली कपाटात गेलेली असते.

(लीख आणि ऊ यांच्याशी आपला परिचय किती जुना आहे हे मोजमापाच्या परिभाषेवरून दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या कोष्टकात ‘लिक्षा’ आणि ‘यूका’ ही एकके आहेत: आठ लिक्षांची एक यूका, आणि आठ यूकांच्या पुढे यव म्हणजे जवाच्या दाण्याची जाडी. आपले ‘लीख’ आणि ‘ऊ’ हे शब्द त्यांच्यापासूनच आले.)

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती केवळ चालते. त्यामुळे ती पसरते ती मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने. एका सतरंजीवर दाटीने बसणे, एकाच वहीत डोकावणे, एका अंथरुणात झोपणे आणि अलीकडे एका मोबाईलच्या पडद्यापुढे चार डोकी जमणे, हे तिचे रस्ते. कंगवा, रिबीन, टोपी, उशी यांच्यातून क्वचित संसर्ग होतो. पण डोक्यापासून दूर झालेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. लहान मुली एकमेकींना बिलगून खेळतात, शिवाय त्यांचे केस लांब असतात. त्यामुळे त्यांच्यात प्रमाण अधिक आढळते. कुत्र्या-मांजरांपासून या उवा माणसाला होत नाहीत.

अस्वच्छतेचा आरोप मात्र मुलांवर हमखास होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात ‘आठ-आठ दिवस न्हात नाही म्हणून उवा झाल्या’ हे वाक्य सहज तोंडी येते. वस्तुतः रोज न्हाल्याने उवा जात नाहीत. पाण्यात बुडाली तरी ऊ केसाला घट्ट धरून राहते आणि काही तास तग धरते. स्वच्छ धुतलेल्या केसांवरही ती तितक्याच सुखाने नांदते. हा आरोप चुकीचा आहेच, शिवाय तो महागात पडतो. बोलणी बसतील या भीतीने मूल खाज लपवते, आई शेजारणीला सांगत नाही आणि शेजारणीच्या मुलीवर उपचार होत नाहीत. उवा परत येण्याचे दुसरे मोठे कारण हेच आहे.

खाजेवरून निदान करू नये. खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि पहिल्यांदा उवा होतात तेव्हा ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे पहिली तक्रार येईपर्यंत मूल महिनाभर उवा बाळगून असू शकते. उलट सर्व उवा मेल्यानंतरही काही दिवस खाज राहते. नुसत्या लिखा दिसल्या म्हणूनही औषध लावण्याचे कारण नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा टाळूपासून सेंटिमीटरभर दूर दिसणारी पांढरी लीख ही बहुधा फुटून गेलेल्या अंड्याचे रिकामे टरफल असते. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख केसावरून ओढून काढावी लागते. उपचाराला पुरावा हवा तो चालत्या उवेचा, आणि तो मिळवण्याचे खात्रीचे साधन म्हणजे बारीक दातांची फणी. केस ओले करून, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढून दर वेळी ती पांढऱ्या कापडावर पुसावी. एका डोक्यात जिवंत उवा बहुधा दहाच्या आतच असतात. त्यामुळे वरवर केस पांगवून पाहिल्यास त्या सापडत नाहीत.

औषधांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे म्हणजे एक टक्का परमेथ्रिन. ते शाम्पूने धुतलेल्या, टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांना मुळापासून लावून दहा मिनिटांनी धुवायचे असते. त्याआधी कंडिशनर लावल्यास औषध केसांवर नीट बसत नाही, आणि नंतर एक-दोन दिवस पुन्हा शाम्पू करू नये. लांब केसांना एक बाटली पुरत नाही, ही साधी गोष्टही अनेकदा अपयशाचे कारण असते. खरजेसाठी मिळणारे पाच टक्क्यांचे मलम निराळे. ते यासाठी वापरू नये. दोन महिन्यांखालील बाळाला परमेथ्रिन लावत नाहीत. जगाच्या अनेक भागांत उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत, हेही खरे. औषध नीट लावूनही दुसऱ्या दिवशी उवा तशाच चालताना दिसल्या, तर तेच औषध तिसऱ्या-चौथ्यांदा ओतण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना विचारून दुसरे घ्यावे. डायमेथिकॉन हा सिलिकॉनचा प्रकार उवेवर विषारी परिणाम न करता तिच्या अंगावर थर चढवून तिला निकामी करतो. आयव्हरमेक्टिन पोटात घेण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असला पाहिजे. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना ते देत नाहीत.

खरी चिंता आहे ती घरगुती उपायांची. बोरीच्या परिसरात कापूस आणि सोयाबीन ही प्रमुख पिके. त्यामुळे फवारणीचे औषध घरात हाताशी असते आणि ‘किडीला मारते ते उवेला मारेलच’ असा विचार कोणालाही सुचू शकतो. ही औषधे कातडीतून रक्तात उतरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. ते प्रौढ होते आणि त्यांच्या अंगावर औषधाचे उडालेले तुषार होते. लहान मुलाच्या टाळूवर, त्यातही खाजवून सोललेल्या टाळूवर, तेच द्रव चोळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. एकेकाळी घराघरांत असलेली गॅमेक्सिनची पांढरी पावडरही याच जातीची. तिच्यातील लिंडेन मज्जासंस्थेला घातक ठरल्याने २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि भारतात कीटकनाशक म्हणून त्याच्या वापरावर २०१३ पासून बंदी आली. रॉकेल पेट घेते आणि कातडी भाजते. डांबर गोळ्या तेलात विरघळवून लावल्यास काही मुलांत तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र रक्तक्षय होतो.

सीताफळाच्या बियांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण हा उपाय निरुपद्रवी म्हणून सांगितला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरात सीताफळ मुबलक. तेथील सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बिया वाटून तेलात कालवून डोक्याला लावण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्याने उवा मरतात, यात असत्य काही नाही. परंतु ती पूड किंवा तिचे पाणी ओघळून डोळ्यात गेले, की डोळा लालबुंद होतो, भयंकर आग होते आणि बुबुळाच्या वरचा पारदर्शक पडदा सोलवटतो. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार नोंदवले आहेत. चुकून असे झालेच, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि जुने साधन घरातच आहे. मराठीत केस विंचरण्याला ‘वेणीफणी’ म्हणतात. त्यातील वेणी राहिली, फणी मात्र मागे पडली. इस्रायलमधील लाकीश येथे सापडलेल्या सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर कनानी लिपीत कोरलेले वाक्य २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा नाहीशा होवोत, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. आधुनिक वैद्यकानेही फणीला मान दिला आहे. ब्रिटनमध्ये प्रचलित असलेल्या पद्धतीत ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फणी फिरवतात आणि सतराव्या दिवशी तपासणी करतात. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ही पद्धत तेथे दुकानांत मिळणाऱ्या तेव्हाच्या औषधांपेक्षा सरस ठरली होती. कंडिशनर नसल्यास खोबरेल तेल चालते. निसरड्या केसांत उवेची हालचाल मंदावते. फणी शक्यतो धातूची आणि अगदी बारीक, जवळ-जवळ दातांची असावी. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो आणि मूल कंटाळते, ही या पद्धतीची खरी अडचण आहे. पाणी मात्र तांब्याभर पुरते.

घर धुऊन काढण्याची गरज नाही. उपचाराच्या आदल्या दोन दिवसांत वापरलेली उशीची अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. फण्या-कंगवे कढत पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. गादीवर किंवा खोलीत कीटकनाशक फवारू नये.

शाळेकडे वळल्यावर प्रश्न अवघड होतो. मुलीला उवा आहेत म्हणून घरी पाठवणे हा सोपा मार्ग असला, तरी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शनातही तो नाकारला आहे. त्या मुलीच्या डोक्यात उवा आदल्या महिन्यापासूनच असतात. एक दिवस घरी बसवून काही साधत नाही, अभ्यास मात्र बुडतो. डोक्यातील उवांमुळे टायफससारखे रोग पसरत नाहीत. तो दोष अंगावरच्या, कपड्यांत राहणाऱ्या उवांचा. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. खरूज, गजकर्ण, इसब यांची तेथे दखल घेतली जाते. उवांना मात्र कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. तेव्हा पुढाकार शिक्षकांनी आणि पालकांनीच घ्यायचा असतो. कोणाचेही नाव न घेता वर्गाच्या सर्व पालकांना एकच निरोप जावा, की येत्या शनिवार-रविवारी सर्वांनी मुलांचे केस फणीने तपासावेत, उवा आढळल्यास त्याच दिवशी उपचार करावा आणि नवव्या दिवशी पुन्हा. एका वर्गातील दहा मुलींवर दहा वेगवेगळ्या आठवड्यांत उपचार झाले, तर उवा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर फिरत राहतात. एकाच वेळी झाले तर त्यांना जागा उरत नाही. वसतिगृहात, जेथे मुली एकमेकींशेजारी झोपतात, तेथे याहून वेगळा मार्गच नाही. केस कापणे हा उपचार नव्हे. मुलीची इच्छा नसताना गोटा करणे तर निव्वळ शिक्षा आहे.

डोक्यात पू धरलेल्या पुटकुळ्या, खपल्या, मानेमागे दुखऱ्या गाठी किंवा ताप असेल, तर ते खाजवण्याने झालेल्या जंतुसंसर्गाचे लक्षण होय; उवांचे औषध लावण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. आणि दोन वेळा नीट उपचार करूनही महिन्याभरात उवा परत दिसल्या, तर बाटलीकडे पाहण्याआधी घरातील प्रत्येक डोके ओल्या फणीने तपासावे. नातीला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आजीचे डोके बहुधा कोणी तपासलेले नसते.