सूर्यप्रकाश नलिका

सूर्यप्रकाश नलिका : छतावर पडणारा दिवसाचा उजेड आतून आरशासारख्या चकचकीत नळीतून खालच्या खोलीत उतरवणारे, विजेशिवाय चालणारे साधन. बाजारात त्याला ‘लाइट पाइप’, ‘स्काय पाइप’ किंवा ‘सोलर ट्यूब’ म्हणतात. ‘सोलर’ या शब्दामुळे सौर पॅनेलशी गल्लत होते; पण येथे वीज तयारही होत नाही आणि साठतही नाही. सूर्य मावळला की नळी अंधारते. खिडकी नसलेले न्हाणीघर, बोळ, जिन्याखालची जागा, मधली खोली किंवा कारखान्याचा गाळा यांसाठी ती उपयोगी पडते. मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात तिला जागा आहे, पण मोजक्याच छपरांखाली.

रचना : नलिकेचे तीन भाग असतात. छताबाहेर अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक घुमट, मधे परावर्तक अस्तराची धातूची नळी आणि छताच्या आतल्या बाजूला उजेड पसरवणारी दुधी तबकडी. घरगुती नळीचा व्यास साधारण २५ ते ३५ सेंमी. असतो. वाटेत तुळई आली, तर कोपराचा जोड लावून नळी वळवता येते. मात्र प्रत्येक वळणावर थोडा उजेड खर्ची पडतो.

इतिहास : नळीतून उजेड वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन अभियंता विल्यम व्हीलर याने १८८१ मध्ये विजेच्या एकाच प्रखर दिव्याचा प्रकाश नळ्यांतून घरभर नेण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. घरगुती सूर्यप्रकाश नलिका १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आली आणि ‘सोलाट्यूब’ या नावाने जगभर पोहोचली. याच तत्त्वाची गरिबाघरची आवृत्ती ब्राझीलमधील मेकॅनिक आल्फ्रेदो मोझेर याने २००२ च्या सुमारास शोधली : पाणी आणि थोडे ब्लीच भरलेली दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली पत्र्यात अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायची. भारतात केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने ‘सूर्यज्योती’ हा छोटा सौर घुमट तयार झाला. तो दिवसा थेट सूर्यप्रकाश देतो आणि रात्री साठवलेल्या विजेवर चालतो.

मराठी घरातील पूर्वरूपे : छतातून उजेड घेणे महाराष्ट्राला नवे नाही. वाड्याला चौक होता, माळवदाच्या घराला साणे होते आणि कोकणपट्टीतील कौलारू घराला काचेचे कौल. मंगलोरी कौलांच्या ओळीत तेवढेच एक कौल काचेचे बसवले, की स्वयंपाकघरात तिरीप उतरे. चुलीच्या धुरात ती दोरखंडासारखी दिसे. कवडसा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी जमिनीवर आणि उन्हे कलली की पूर्वेच्या भिंतीवर चढे. त्यावरून वेळेचा अंदाजही बांधला जाई. मात्र या कौलाखाली एका जागी डोळे दिपत आणि कोपरे अंधारेच राहत. नलिकेच्या तबकडीने ही उणीव भरून काढली, पण कवडसा मात्र गेला.

मीरा-भाईंदरमधील छपरे : ठाणे जिल्ह्यातील या शहरात २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ होती. नलिकेच्या दृष्टीने येथील छपरांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन या गावांतील कौलारू व पत्र्याच्या बैठ्या घरांचा. दुसरा भाईंदर पूर्व आणि काशिमीरा भागातील औद्योगिक गाळ्यांचा. तेथे छपरात मधेमधे फायबरचा पारदर्शक पत्रा टाकण्याची पद्धत आहे, पण उन्हाने तो पिवळा पडतो आणि त्याखाली उकडते. तिसरा, आणि सर्वांत मोठा, गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारतींचा. तेथे नलिका फक्त शेवटच्या मजल्याला लाभते.

उजेडाचे गणित : शहर सुमारे १९.३° उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तर २१-२२ डिसेंबरला दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७° वरच असतो. पोटमाळ्यातून उतरणारी १.२ मीटर लांब आणि २५ सेंमी. व्यासाची नळी घेतली, तर डिसेंबरच्या दुपारी किरण आत चार-पाच वेळा आपटतो. अस्तर ९८ टक्के परावर्तक असेल, तर नळीच्या तळाशी सुमारे ९१ टक्के उजेड पोहोचतो. ८५ टक्क्यांचे साधे अॅल्युमिनियम असेल, तर निम्म्याहून कमी. सूर्य २०° पर्यंत उतरला की आपटण्याची संख्या तेरावर जाते. तेव्हा चांगले अस्तर तीन चतुर्थांश उजेड राखते, साधे जेमतेम आठवा हिस्सा. म्हणून नळी विकत घेताना घुमटाच्या चकाकीपेक्षा अस्तराचा परावर्तनांक विचारावा.

कडक उन्हात, घुमट व तबकडीतील घट धरूनही, अशी नळी ९ वॅटच्या दोन-तीन एलईडी दिव्यांएवढा उजेड देते. जुलैच्या काळ्या ढगांखाली तो पाव दिव्यावर येतो. रोज आठ तास तीन दिवे वाचले असे धरले, तरी वर्षाची बचत ८० युनिटच्या आत राहते. युनिटला दहा रुपये लावले तर आठशे रुपये. वीजबिलातून नळीचे पैसे लवकर फिटत नाहीत. तिची किंमत दिवसाढवळ्या दिवा न लावता वावरता येण्यात आहे.

बसवणी : काम ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत उरकावे, येथे जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो. कौलारू घरात वासे न तोडता दोन वाशांमधली जागा निवडतात. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंच भागावर पाडून घुमटाखालची पट्टी वरच्या पत्र्याच्या आत सरकवतात, म्हणजे वरून आलेले पाणी पट्टीवरून वाहून जाते. केवळ सिलिकॉनच्या भरवशावर ठेवलेला सांधा दोन-तीन पावसाळ्यांत उघडतो. उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू गंजतात. तेथे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

स्लॅबचे काम जोखमीचे आहे. सळया कोठे आहेत हे आधी यंत्राने तपासून, तुळईपासून दूर, कोअर कटिंगने भोक पाडतात. छिन्नी-हातोड्याने फोडल्यास आजूबाजूला चिरा जातात. भोकाभोवती किमान १५ सेंमी. उंच काँक्रीटचा कठडा उभारून गच्चीचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग त्यावर चढवतात. मग गच्चीवर दिवसभर पाणी साठवून खाली ओल येते का ते पाहतात आणि त्यानंतरच घुमट बसवतात. गच्चीवर पावसाळी शेड असेल, तर नळी शेडच्याही वर न्यावी लागते. लांबी वाढते, उजेड घटतो.

परवानगी व निगा : गच्ची संस्थेची सामाईक मालमत्ता असल्याने शेवटच्या मजल्यावरील सदनिकाधारकाला स्लॅबला हात लावण्यापूर्वी संस्थेची लेखी संमती आणि संरचना अभियंत्याचा दाखला घ्यावा लागतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचना तपासणी पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा होते. अशा तपासणीत दुबळा ठरलेला स्लॅब भोकासाठी अयोग्य. देखभाल थोडीच : दिवाळीच्या साफसफाईत घुमटावरची धूळ आणि कावळ्या-कबुतरांची घाण ओल्या फडक्याने पुसणे व तबकडीत साचलेले किडे काढणे.

मर्यादा : नळीतून हवा खेळत नाही, त्यामुळे ती खिडकीला पर्याय नव्हे. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण व दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश एवढी खिडक्या-झरोक्यांची जागा मागते. ती नलिकेने भरून निघत नाही. खालच्या मजल्यावर उजेड न्यायचा, तर नळी वरच्या शेजाऱ्याच्या खोलीतून उतरवावी लागते आणि तेवढा कोपरा कोणी सोडत नाही. सात मजल्यांच्या इमारतीत सहा मजल्यांना उजेड डक्टमधून आणि समोरच्या इमारतीपासून राखलेल्या अंतरातूनच मिळतो. त्यांचा दिवस नकाशा मंजूर होताना ठरतो. नळी फक्त डोक्यावर स्वतःचे छप्पर असलेल्यांच्या कामाची.