भंगारातलं गलबत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडी म्हटलं की कुणालाही मागांचा खडखडाट आठवतो. मला मात्र एक मोडकी मोटारही आठवते. १९७८ सालची गोष्ट. आग्रा रोडच्या कडेला एका भंगारवाल्याचं आवार होतं. शाळेतून येताना आम्ही पोरं तिथे हमखास डोकवायचो. एके दिवशी मागांच्या तुटक्या चाकांमागे एक लांबलचक गाडी दिसली. टायर नाहीत, काचा नाहीत, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. पण बॉनेटच्या टोकावर शिडं फुगवलेलं एक चिमुकलं, चकचकीत गलबत होतं.

आमच्या खाडीकाठच्या गावाला गलबतं नवी नव्हती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच परिसरात मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. पण मोटारीवर गलबत? आवारातल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, ये प्लिमथ है. सेठ लोगों की गाडी थी."

त्या गलबताचा अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत जिथे स्थायिक झाले, त्या प्लिमथचं नाव क्रायस्लर कंपनीने १९२८ मध्ये आपल्या गाडीला दिलं होतं.

ही अमेरिकन गाडी इथे आली कशी? १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जोडत असे. फोर्डचीही मुंबईत जोडणी चाले. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. जवळजवळ एकच गाडी थोड्या फरकाने डॉज, डिसोटो आणि प्लिमथ अशा तीन नावांनी विकली जाई. इथे उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच वाव द्यावा, असं १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सुचवलं. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. अमेरिकेत पाँटिअॅक जीटीओसारख्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांना वाढलेला विमा, धुराचे नियम आणि हे संकट यांनी मिळून घायकुतीला आणलं. त्या गाड्या भंगाराच्या मैदानांत वर्षानुवर्षं गवतात पडून राहिल्या. हौशी लोकांनी त्या शोधून काढल्या आणि आज त्यांना मोठी किंमत येते.

आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई आणि जबर आयातकर, त्यामुळे तसल्या गाड्या फारशा आल्याच नाहीत. जुन्या डॉज-प्लिमथ याच आमच्या दांडग्या गाड्या. त्यांचं पेट्रोल परवडेना, तेव्हा आपल्या मिस्त्रींनी मूळ इंजिन उतरवून पर्किन्ससारखं डिझेल इंजिन बसवलं. शेटजींची गाडी टॅक्सी झाली आणि आणखी बरीच वर्षं जगली.

शेवटी भंगार. पण आपल्या भंगारात गवत उगवायला सवड नसते. जागेला भाडं असतं, लोखंडाला किलोचा भाव असतो. गॅस कटर लागला की दोन दिवसांत गाडीचा पत्रा होतो. गिअरबॉक्स, अॅक्सल, मीटर मात्र वेगळे निघतात, कुर्ल्याच्या दुकानांत जातात आणि तिथून कुणाची तरी दुसरी डॉज चालू राहते. एक गाडी मारून दुसरी जगवायची, असा हा धंदा. भिवंडीला हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर इथे कितीतरी घरं चालली.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. चांगली गोष्ट झाली. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे ज्या डिझेल इंजिनाने गाडी वाचवली, त्याच इंजिनामुळे ती या मानाला मुकते. मला वाटतं, ते डिझेल इंजिन हासुद्धा इतिहासच आहे. कारखान्याने बनवलेली गाडी अमेरिकेची, पण टंचाईतून वाट काढणारी गाडी आपली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. त्या हजारो टॅक्सींपैकी किती उरल्या असतील? सगळ्या जपणं शक्य नाही, हे मलाही कळतं. पण कटर लावण्याआधी नंबर टिपावा, एक फोटो काढावा, जुन्या मिस्त्रीला चार प्रश्न विचारावेत. याला खर्च काहीच नाही.

ते गलबत विकत घ्यायचं म्हणून मी आठ दिवस खाऊचे पैसे साठवले होते. रविवारी गेलो, तर जागेवर फक्त तेलाचा काळा डाग होता. तिचा नंबर काय होता, तो मला आज आठवत नाही. तेवढी एक ओळ वहीत लिहिली असती, तर ती गाडी कुणाची, याचा माग काढता आला असता.