फळ्यांमधली फट

१९६८ सालचा उन्हाळा. अटलांटिकमध्ये २९ वर्षांचा एक इंग्रज खलाशी आपल्याच बोटीखाली बुडी मारून तिच्या फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासतोय. कापूस टिकत नाही. मग तो कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकतो आणि वरून तांब्याचा पत्रा बसवतो. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागतो, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीने मारावं लागतं. आमच्या धंद्यात याला हॉटफिक्स म्हणतात, फक्त आमच्याकडे शार्क नसतो.

हा खलाशी म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. २२ एप्रिल १९६९ला तो इंग्लंडला परतला, तेव्हा एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. त्याची ३२ फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली होती. तो तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. पोस्टाने आराखडा मागवला एक, आला दुसराच, 'एरिक' नावाच्या जुन्या डिझाईनचा. तोच घेऊन मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि दोरी ओढून फिरवायच्या ड्रिलने सागवानी बोट उभी केली. डिसेंबर १९६४मध्ये ती पाण्यात उतरली.

मग एवढ्या चांगल्या सागाच्या बोटीत पाणी का शिरलं? कारण लाकडी बोट म्हणजे एक वस्तू नसतेच. बरगड्यांवर ठोकलेल्या फळ्या, आणि दर दोन फळ्यांमध्ये एक फट. तिच्यात कापूस ठासायचा, वरून लुकण भरायचं. पाण्यात लाकूड फुगतं आणि फट आवळली जाते. उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, फटी उघडतात. वादळात बोट पिळवटली की फळ्या एकमेकींवरून सरकतात आणि कापूस बाहेर येतो. हजारो वर्षांचं नौकाबांधणीचं शास्त्र म्हणजे मोठ्या प्रमाणात या फटीचीच काळजी.

फायबरग्लासने ती फट काढूनच टाकली. १९४२मध्ये अमेरिकेत ओहायोच्या रे ग्रीनने काचतंतूंची छोटी बोट बनवली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत साच्यातून इडल्या निघाव्यात तशा बोटी निघू लागल्या. पण साचा महाग. शंभर बोटी काढायच्या असतील तर परवडतो. एखाद्याला स्वतःपुरती, आपल्या मापाची एकच बोट हवी असेल तर?

इथे लाकूड परत आलं. सुरुवातीला लोक जुन्या फळ्यांवर पॉलिएस्टर रेझिन आणि काचेचं कापड चढवत. लाकूड फुगे, आकसे, आणि ते कवच सुटून येई. इपॉक्सी लाकडाला कितीतरी घट्ट धरतं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये गूजन बंधूंनी साधारण १९७०च्या सुमारास इपॉक्सी वापरून लाकडी बोटी बांधायची पद्धत रूढ केली. तात्पुरत्या सांगाड्यावर हलक्या लाकडाच्या, बहुतेकदा सिडरच्या, अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. घासून गुळगुळीत करायच्या. मग आतून-बाहेरून काचेचं कापड इपॉक्सीत भिजवून चढवायचं. खोक्याचा पुठ्ठा आठवा: दोन पातळ कागद आणि मध्ये त्यांना अंतरावर ठेवणारा थर. बोट वाकू लागली की ताण आणि दाब काचेचे दोन थर झेलतात, लाकूड त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. साचा लागत नाही. लागतो तो चांगला सुतार.

आणि चांगले सुतार गोव्यात होते. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात फायबरग्लासच्या बोटी बनत. भारतीयाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचा ध्यास होता. नौदलाने ते काम दिवाडीला दिलं. डच डिझाईन, लाकडाचा गाभा, काचेचं कवच, लांबी ५६ फूट. २००९मध्ये नौदलात आलेल्या या बोटीला नाव मिळालं 'म्हादेई', म्हणजे मांडवीचंच दुसरं नाव. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात थांबे घेत जग फिरून आले. पुढे अभिलाष टॉमींनी तीच फेरी न थांबता केली. २०१७मध्ये त्याच डिझाईनची 'तारिणी' आली आणि सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. बातम्यांमध्ये बोटीचं नाव आलं, कप्तानांची नावं आली. पट्ट्या घासणाऱ्यांची नावं क्वचितच आली.

फट गेली, पण फुकट नाही. 'सुहेली' जुनी झाली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने गंजलेले लोखंडी बोल्ट एकेक काढून नवे बसवले आणि तिला पुन्हा पाण्यात उतरवलं. तिचा प्रत्येक भाग सुटा होतो. काचेत बंद केलेलं लाकूड असं उघडता येत नाही. डेकवरचं एक स्क्रूचं भोक नीट बुजवलं नाही, तर पाणी आत झिरपतं आणि गाभा गुपचूप कुजतो. जुनी बोट गळायची, पण निदान सांगून गळायची. आधी लॉग दिसायचे, आता नाही, असं मला वाटतं. तरीही महासागरात एकटं जायचं झालं तर मी काचेचीच बोट मागेन.

दिवाडीतच 'सुहेली'ची प्रतिकृती झाली, 'थुरिया'. लांबी तीच, ३२ फूट. फळ्या-फटींऐवजी लाकूड आणि इपॉक्सी. १ जुलै २०१८ला टॉमी तिच्यातून गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. उठताही येत नव्हतं. तीन दिवस ते आत पडून होते. नौदलाच्या विमानाने वरून फोटो काढले, तेव्हा मोडक्या डोलकाठ्या दोरांना लोंबत होत्या आणि बोट तरंगत होती. २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. 'थुरिया' तिथेच सोडून द्यावी लागली.