वाटा होता, माप नव्हतं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात मराठी घरात कुत्रं किंवा मांजर आलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न उभा राहतो: याला द्यायचं किती? हाच प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी सातारा-सांगलीकडच्या एखाद्या वस्तीवर कुणी विचारला असता, तर लोक हसले असते. दारच्या कुत्र्याला चतकोर भाकरी आणि उरलंसुरलं कालवण, मांजराला थोडा दूधभात, की झालं. त्यामुळे कपाने किंवा ग्रॅमवर मोजून घालणं हे अमेरिकेचं फॅड आहे, आपल्याकडे माया असे आणि तिथे हिशेब असतो, असं बोललं जातं. हे मला पटत नाही. खाणं मोजायची वेळ देशावरून किंवा मायेवरून ठरत नाही. जनावराचं सगळंच्या सगळं खाणं एकाच हातातून यायला लागलं की ती येते.

गावातली चतकोर भाकरी हे त्या कुत्र्याचं जेवण नव्हतंच, जेवणाचा एक तुकडा होता. बाकीचं उकिरड्यावर, खळ्यावर, शेजारच्या चार दारांत आणि रानात मिळे. मांजराची तर खरी कमाई कणगीपाशी होती. दूधभात हा वरचा खाऊ. धर्मानेही त्यांचा वाटा सांगितला, माप सांगितलं नाही. भूतयज्ञात कुत्र्या-कावळ्यांसाठी अन्न बाहेर ठेवायचं, पण तेवढ्यावर त्यांचं पोट भरावं अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. उलट जिथे जनावर दाव्याला बांधलेलं आणि कोठारावर अवलंबून होतं, तिथे आपल्याकडेही काटेकोर हिशेब होता. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, ही त्यातली ताकीद सगळ्यांना ठाऊक असते. पण पत्राची निकड वेगळीच आहे. दाणा, रातीब आणि गवत पावसाळाभर पुरवायचं आहे. आज मन मानेल तसं उधळलं तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. पागेतला घोडा बाहेर जाऊन चरून पोट भरू शकत नव्हता, म्हणून त्याचं माप राज्यकर्त्यालाही लिहून कळवावं लागलं. तिथे मायेचा अभाव होता असं कोण म्हणेल?

आता फ्रीमाँटची भूमी पाहा. 1797 मध्ये इथे मिशन सान होसे उभं राहिलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या मिशनांचा मोठा व्यापार गुरांच्या कातड्यांचा आणि चरबीचा झाला. गुरं कापली जात, कातडं आणि चरबी काढून घेतली जाई, आणि बरंचसं मांस तिथेच कुत्र्या-गिधाडांसाठी पडून राही. त्या कुत्र्यांचं खाणं कोण मोजणार होतं? (ज्या जॉन फ्रीमाँटचं नाव या शहराला आहे, त्याच्या तुकडीने फेब्रुवारी 1844 मध्ये सिएरा नेवाडाच्या बर्फात उपासमार होताना स्वतःजवळचं कुत्रंच शिजवून खाल्लं. तिथे हिशेबाची दिशाच उलटी होती.) पुढे फळबागा आणि शेतं आली, तरी कुत्रं अंगणातलं आणि मांजर गोठ्याकोठारातलंच राहिलं. 1956 मध्ये सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सान होसे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र येऊन फ्रीमाँट शहर झालं, आणि बागांच्या जागी कुंपणांची घरं उभी राहू लागली. त्याच्या थोडं आधी, 1947 मध्ये, मिशिगनच्या एडवर्ड लोने मांजराच्या नैसर्गिक विधीसाठी वाळू-राखेऐवजी शोषक मातीचे दाणे विकायला सुरुवात केली होती; मांजराला चोवीस तास घरात ठेवणं त्यामुळे सोपं झालं. 1957 मध्ये प्युरिना या पशुखाद्य कंपनीने यंत्रातून फुगवून काढलेलं कोरडं खाद्य बाजारात आणलं. दशकभरात दार बंद झालं आणि पिशवी उघडली. उंदीर, उकिरडा, शेजारची दारं हे सगळं एकदम वजा झालं आणि पूर्ण पोटाची जबाबदारी एका हातावर आली.

मापामागचं शास्त्रही फार लांबून आलेलं नाही. लहानमोठ्या कुत्र्यांच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते हे जर्मनीत माक्स रुबनरने 1883 मध्ये मांडलं होतं: खर्च वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून सावकाश वाढतो. त्याचा नेमका घातांक बसवला तो माक्स क्लायबर या स्विस संशोधकाने, 1932 मध्ये, डेव्हिसच्या कृषी महाविद्यालयात. रहदारी नसेल तर हे गाव फ्रीमाँटहून दीडेक तासावर आहे. आजही पशुवैद्य त्याच पायावर हिशेब करतात: वजनाच्या किलोंचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि 70 ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे विश्रांतीत दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी. 3 किलोच्या कुत्र्याला सुमारे 160 लागतात, 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला सुमारे 900. वजन दहापट, गरज साडेपाचपट. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा साधारण 1.6 ने गुणतात, मांजरासाठी 1.2 ने. आता तूप लावलेल्या एका पोळीत सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी धरा. लॅब्रॅडॉरला ती दिवसाच्या गरजेचा दहावा हिस्सा आहे, तर छोट्या पॉमेरेनियनला निम्मं जेवण. ‘एकच तर पोळी दिली’ हे वाक्य दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं.

यावर कुणी म्हणेल, एवढं गणित कशाला, पिशवीवर छापलेलं असतंच की. असतं; पण ते सरासरी जनावरासाठी, आणि माल खपवणाऱ्याच्या हातचं. शिवाय कप हे फसवं माप आहे: एकाच वाटीत चुरमुरे आणि फुटाणे भरावेत तसा खाद्याच्या फुगवट्याप्रमाणे भरणा बदलतो. एका कंपनीच्या कपात 300 किलोकॅलरी असतात, दुसरीच्या 500. आणि कारखान्याला सगळं कळतं असंही नाही. 1987 मध्ये डेव्हिसच्याच पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विकतचं खाद्य खाणाऱ्या मांजरांना होणारा एक हृदयरोग टॉरिनच्या कमतरतेने होत होता. खाद्य पुरेसं होतं, पण त्यातला एक घटक पुरेसा नव्हता. हाच मुद्दा दूधभातालाही लागू आहे: टॉरिन मांसातून मिळतं, भातातून नाही. उंदीर मारणाऱ्या मांजराला त्याची फिकीर नव्हती, घरात कोंडलेल्याला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजीच्या डोळ्यांना कळायचंच, तिचं कुत्रं कधी लठ्ठ झालं नाही. खरं आहे, पण त्याचं श्रेय आजीच्या अंदाजापेक्षा कुत्र्याच्या पायपिटीला जास्त जातं. आणि तिथली बरीचशी कुत्री म्हातारी होईपर्यंत जगतच नव्हती. डोळा मात्र टाकाऊ नाही. बरगड्या हाताला लागतात का, वरून पाहिल्यावर कंबर दिसते का, यावर पशुवैद्य आजही नऊ अंकांच्या श्रेणीत गुण देतात. पण हा डोळा निकाल सांगतो, आणि तोवर काही महिने गेलेले असतात. प्युरिनाच्या एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर जोड्यांनी वाढवले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणं दिलं. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं 11.2. खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच कमी घाला असा पुरावा द्यावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

तेव्हा फ्रीमाँटच्या घरात करायचं ते एवढंच: पिशवीवर बारीक अक्षरात दर कपाला किंवा दर किलोला किती किलोकॅलरी लिहिल्या आहेत ते शोधा, खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला, आणि घरात कोण कोण पोळीचा तुकडा टाकतं तेही त्यात धरा. मांजर लठ्ठ असेल तर खाणं एकदम तोडू नका, पशुवैद्याला विचारून हळूहळू उतरवा. लठ्ठ मांजराने काही दिवस खाणं सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावू शकतं.